लहान खेळ आणि त्याची लायब्ररी

संगणकावर एखादा साधा खेळ आपण स्वतः रचावा, अशी हौस हल्ली पुष्कळांना असते. एक चेंडू, एक फळी, उड्या मारणारा एखादा प्राणी. सारे सपाट पडद्यावर, लांबी आणि रुंदी या दोनच मितींत. परंतु पहिली ओळ लिहिण्यापूर्वीच प्रश्न उभा राहतो, लायब्ररी कोणती घ्यावी? त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

लायब्ररी म्हणजे येथे पुस्तकांचे दालन नव्हे. इतरांनी लिहून, तपासून ठेवलेल्या प्रोग्रामचा तो साठा होय. खेळ चालू असताना संगणक साधारणतः सेकंदाला ६० वेळा तीच तीन कामे करीत असतो: कोणती कळ दाबली ते पाहणे, त्याप्रमाणे वस्तूंच्या जागा बदलणे आणि चित्र नव्याने काढणे. एका फेरीला जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात. कळ कशी ओळखावी, चित्र कसे उमटवावे, आवाज कसा काढावा, ही सारी यातायात लायब्ररी अंगावर घेते. नाटक मंडळीला रंगमंच, पडदे आणि दिवे तयार मिळावेत, तसेच हे आहे. नाटक मात्र आपणच लिहावयाचे असते.

निवड करताना, आमच्या मते, तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, खेळ कोठे खेळला जाणार? शाळेतील मुलांच्या घरी केवळ मोबाईल असेल, तर ब्राउझरमध्ये चालणारी, जावास्क्रिप्टमधील 'फेझर' सोयीची. दुवा पाठविला की खेळ उघडतो.

दुसरा, आपल्याला कोणती भाषा येते? पायथन येत असेल तर २००० साली सुरू झालेली 'पायगेम' घ्यावी. सी येत असेल तर शिकविण्याच्या हेतूने २०१३ साली निघालेली 'रेलिब'. लुआ भाषेतील 'लव्ह' ही आटोपशीर आहे, पण दुबळी नव्हे. २०२४ साली गाजलेला 'बलाट्रो' हा पत्त्यांचा खेळ तिच्यावरच उभा आहे.

तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. रंगमंचाची किल्ली कोणाच्या हाती आहे? मायक्रोसॉफ्टने २००६ साली 'एक्सएनए' ही साधनसामग्री दिली आणि २०१३ च्या सुमारास तिचा विकास थांबविला. तिच्यावर वर्षानुवर्षे राबलेल्यांच्या श्रमांचे काय झाले असते? सुदैवाने तिच्याच धर्तीवर 'मोनोगेम' ही सर्वांना खुली लायब्ररी इतरांनी उभारली होती. 'स्टारड्यू व्हॅली' हा एकट्या माणसाने रचलेला खेळ २०१६ साली एक्सएनएवर प्रसिद्ध झाला. २०२१ साली तो मोनोगेमवर आणता आला. उलट, फ्लॅशचा आधार २०२० च्या अखेरीस निघून गेला, तेव्हा ब्राउझरमधील असंख्य छोटे खेळ एकाएकी बंद पडले. त्यांतले काही पुढे इतरांच्या खटपटीने पुन्हा चालू झाले. सर्वांच्या नशिबी ते नव्हते.

ज्या लायब्ररीचा मूळ मजकूर कोणालाही वाचता व सुधारता येतो, ती तिच्या कर्त्यांनी सोडली तरी दुसरे कोणी पुढे चालवू शकतात. २०२३ साली पायगेमच्या काही कार्यकर्त्यांनी वेगळी शाखा काढली, आणि काम थांबले नाही. फेझर, रेलिब, लव्ह, मोनोगेम याही अशाच खुल्या आहेत. म्हणून निवड फारशी भीतिदायक नाही.

तेव्हा तुलनेचे तक्ते वाचण्यात महिने घालवू नयेत. पहिल्या दोन प्रश्नांवरून एक लायब्ररी घ्यावी आणि तिच्यात एवढेच करावे: पडद्यावर एक चेंडू काढावा, बाणाच्या कळांनी तो हलवावा, भिंतीशी थांबवावा, एक आवाज काढावा. मग तो खेळ मित्राच्या यंत्रावर चालवून पाहावा. ही शेवटची पायरी गाळू नये. आपल्या यंत्रावर सुरळीत चालणारा खेळ पुष्कळदा तेथेच अडतो. हे सारे दोन-तीन संध्याकाळींत जमले, तर लायब्ररी आपल्याला मानवली असे समजावे आणि खेळ लिहावयास बसावे.