मोटारीचे हेड निवडताना

लोणंदहून साताऱ्याकडे निघालेली मोटार साल्प्याचा घाट चढू लागली, की तिच्या इंजिनाची खरी परीक्षा सुरू होते. सपाटीवर निमूटपणे धावणारी जुनी जीप येथे दुसऱ्या गिअरवर येते, गती मंदावल्यामुळे समोरून येणारा वारा कमी होतो आणि रेडिएटरमधील पाणी उकळू लागते. वैशाखात असा प्रसंग दोन-तीन वेळा आला, म्हणजे मालकाला मित्रमंडळी सल्ला देतात : बिडाचे हेड काढून अॅल्युमिनियमचे बसवा, शक्तीही वाढेल. मूळ कारखान्याखेरीज इतरांनी ओतलेली अशी हेडे बाजारात पुष्कळच कमी किमतीत मिळतात. मोह पडतो तो येथेच. रेडिएटर साफ आहे की नाही आणि पंख्याचा पट्टा ढिला तर नाही, हे आधी पाहावे. पुष्कळांचे दुखणे तेवढ्यानेच बरे होते.

तरीही ज्याला हेड बदलावयाचेच आहे, त्याने ते काय काम करते हे समजून घेतले पाहिजे. महायुद्धातील विलीज जीपचे हेड म्हणजे केवळ एक झाकण होते. दोन्ही व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असत. वर ठिणगीचे प्लग, पाण्याच्या वाटा आणि ज्वलनाची पोकळी एवढेच. त्या २२०० घनसेंटिमीटरच्या इंजिनाची शक्ती ६० अश्वशक्ती होती. पुढे १९५० च्या सुमारास त्याच मापाच्या इंजिनात हवा आत घेणारा व्हॉल्व्ह हेडमध्ये नेण्यात आला आणि शक्ती ७० च्या वर गेली. इंजिनाला मोकळा श्वास मिळाला, हेच त्याचे मुख्य कारण. अलीकडच्या इंजिनांत तर दोन्ही व्हॉल्व्ह हेडमध्येच असतात. म्हणून त्याची निवड अधिकच नाजूक झाली आहे.

आता धातूकडे वळू. अॅल्युमिनियम बिडाच्या मानाने सुमारे पावणेतीन पट हलके असते आणि त्याचे मिश्रधातू बिडाच्या तिप्पट वेगाने उष्णता वाहून नेतात. त्यामुळे पोकळीची भिंत थंड राहते आणि इंजिन ठोके न देता थोडा अधिक दाब सोसते. परंतु तापल्यावर हा धातू बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतो, मऊ असतो आणि एकदा अतिशय तापला की वाकतो. सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांनी १९२२ साली जो कारखाना काढला, त्याच्या डिझेल इंजिनांनी कित्येक विहिरींचे पाणी उपसले. असे पंपाचे इंजिन एका जागी, एका गतीने चालते. त्याला वजनाची चिंता नाही. तेथे बिडाचे हेडच शोभते. म्हणजे अॅल्युमिनियम नेहमीच श्रेष्ठ असे नव्हे.

स्वस्त हेडाची किंमत पावतीवर लिहिलेली नसते, ती ओतकामात दडलेली असते. चांगल्या हेडाच्या धातूत सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम असते. ओतल्यानंतर ते सुमारे ५४० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून पाण्यात बुडवतात आणि मग पुन्हा मंद उष्णतेत काही तास ठेवतात. तेव्हा त्यास कणखरपणा येतो. हा संस्कार वगळला तर हेड दिसते तसेच, पण बोल्ट आवळताना आटे निघून येतात. ओतताना राहिलेली बारीक छिद्रे डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून सर्व वाटा बंद करून आत हवेचा दाब द्यावा आणि हेड कोमट पाण्यात बुडवावे. बुडबुडे आले तर माल परत करावा. सरळ पट्टी आडवी ठेवून फीलर गेजने पाहावे. मिलिमीटरच्या विसाव्या भागाहून अधिक फट असेल तर सपाटी सदोष. व्हॉल्व्ह बसण्याच्या पोलादी कड्या आणि गाइड यांचा मध्य एकच आहे ना, हेही तपासावे. स्वस्त मालात चूक बहुधा येथेच आढळते.

सर्वांत मोलाचे मोजमाप पोकळीचे. जीपच्या प्रत्येक सिलिंडरात सुमारे ५५० घनसेंटिमीटर वायू येतो. मूळ दाबाचे प्रमाण ६.४८ होते, म्हणजे दट्ट्या वर आल्यावर उरणारी जागा सुमारे १०० घनसेंटिमीटर. तीच ८५ केली की प्रमाण ७.५ च्या आसपास जाते. परंतु त्याच हेडात एक जागा ८० आणि दुसरी ९० निघाली, तर एका सिलिंडराचे प्रमाण ७.९ आणि दुसऱ्याचे ७.१ होते. असे इंजिन चारही पायांनी सारखे चालत नाही. पहिला सिलिंडर ठोके देतो, दुसरा आळसावतो. पोकळीवर काच ठेवून तिच्या भोकातून मोजनळीने रॉकेल ओतले की हे अर्ध्या तासात कळते.

जाहिरातीत मोठमोठ्या वाटांची स्तुती असते. शर्यतीच्या मोटारीला त्या हव्यात; साल्प्याच्या घाटात मात्र त्या मारक ठरतात. कमी फेऱ्यांवर रुंद वाटेतून वायू मंद वाहतो, मिश्रण नीट होत नाही आणि ओढ कमी पडते. चढणीसाठी अरुंद, गुळगुळीत वाटेचे हेडच घ्यावे, मग विक्रेता काहीही म्हणो.

हेडवर वाचवलेल्या पैशांतील काही भाग चांगल्या लेथवाल्याकडे अवश्य द्यावा, कारण जुन्या जीपचा ब्लॉक एकदा फुटला की दुसरा मिळणे कठीण. अॅल्युमिनियमसाठीचेच गॅस्केट वापरावे आणि बोल्टांखाली कठीण वॉशर घालावेत. आवळताना मध्यापासून कडेकडे, तीन टप्प्यांत जावे. नंतर इंजिन एकदा तापवून, पुरते थंड झाल्यावर पुन्हा तपासावे. पाणी विहिरीचे जड नको, गंजरोधक मिसळलेले हवे. आणि गरम इंजिनाचे हेड कोणी घाईने उघडू पाहील, तर त्याचा हात धरावा.