कार्बन नॅनोतंतू : थोडक्यात

• व्याख्या : कार्बनचे अतिसूक्ष्म तंतू. जाडी साधारण ५० ते २०० नॅनोमीटर. १ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश.

• फरक : नेहमीचा कार्बन तंतू ५ ते १० मायक्रोमीटर जाड. नॅनोट्यूब म्हणजे ग्राफीनची (कार्बन अणूंच्या एकेरी थराची) पोकळ नळी. नॅनोतंतूत ग्राफीनचे थर शंकूंसारखे किंवा चकत्यांसारखे रचलेले असतात.

• पहिले पेटंट : १८८९, अमेरिका. ह्यूज आणि चेंबर्स यांनी मिथेन व हायड्रोजनपासून कार्बन तंतू बनवले.

• निर्मिती १ : लोह, निकेल किंवा कोबाल्टच्या सूक्ष्म कणांवर हायड्रोकार्बन वायूचे उष्णतेने विघटन.

• निर्मिती २ : इलेक्ट्रोस्पिनिंग. उच्च विद्युतदाबाखाली पॉलिॲक्रिलोनायट्राइल या बहुलकाच्या द्रावणातून धागे ओढतात. २००-३०० अंश सेल्सिअसला हवेत स्थिरीकरण, नंतर ऑक्सिजनविरहित भट्टीत कार्बनीकरण.

• उपयोग : लिथियम-आयन बॅटरी, सुपरकपॅसिटर, गाळणी, विद्युतवाहक प्लॅस्टिक.