बोटीला पंख लावले. बोट सुधारली का?

मित्रहो, आज आपण जरा भंडारदऱ्याला जाऊ. प्रवरेवरचं विल्सन धरण 1926 साली पूर्ण झालं. त्याच्या जलाशयात आता पर्यटकांच्या मोटरबोटी फिरतात. समजा, एका बोटवाल्याने इंजिनाला हायड्रोफॉइल बसवलं. म्हणजे काय, तर प्रोपेलरच्या वर जी आडवी पट्टी असते, तिला दोन्ही बाजूंनी पंख जोडले. दुसऱ्या दिवशी तो म्हणतो, "सर, बोट एकदम सुधारली!" यावर आपण काय म्हणायचं?

पहिला प्रश्न, सुधारली म्हणजे नेमकं काय झालं? बोट वेग घेताना मागून खाली बसते, नाक वर जातं आणि ती स्वतःच उठवलेली लाट चढत राहते. ही चढण संपली की ती पाण्यावरून सरकू लागते. पंख मागची बाजू उचलतात, म्हणून हा टप्पा लवकर येऊ शकतो. पण फुकट काही मिळत नाही. पाण्यात बुडालेला पंख विरोधही करतो. वेग दुप्पट झाला, तर त्याच कोनात उचलही साधारण चौपट आणि विरोधही साधारण चौपट. त्यामुळे कमाल वेग घटू शकतो. नाक फार दाबलं गेलं, तर बोट वळताना हिसका देते. म्हणजे एका अर्थाने सुधारली, दुसऱ्या अर्थाने बिघडली, आणि दोन्ही खरं!

इथे नावाने फसू नये. ग्रॅहम बेल यांच्या एचडी-4 या हायड्रोफॉइल बोटीने 1919 मध्ये ताशी सुमारे 114 किलोमीटर वेग गाठला. पण तिचे पंख अख्खी बोट पाण्याबाहेर उचलत. इंजिनाला जोडलेले छोटे पंख तसं करत नाहीत.

दुसरा प्रश्न, हे पंखांमुळेच झालं कशावरून? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. काल बोटीत सहा माणसं होती, आज दोनच. काल वारा समोरून होता. शिवाय पंख बसवताना तळाचं शेवाळही घासलं गेलं. आपल्या न्यायशास्त्रात याला उपाय आहे, अन्वय-व्यतिरेक: कारण असेल तर कार्य दिसावं, नसेल तर दिसू नये. जॉन स्टुअर्ट मिलनेही 1843 मध्ये हेच मांडलं. दोन प्रसंगांत फरक एकाच गोष्टीचा असावा. तेव्हा एकाच दिवशी, तेवढंच वजन, तेवढंच इंधन, तोच प्रोपेलर घेऊन चार-पाच फेऱ्या पंखाशिवाय, तेवढ्याच पंखासह, आणि पुन्हा पंख काढून करायच्या. वाऱ्याचा परिणाम कळावा म्हणून प्रत्येक वेळी दोन्ही दिशांना. उठायला किती सेकंद लागले, कमाल वेग किती, ठरावीक वेगाला इंधन किती, हे लिहून ठेवायचं. "वाटलं" हा आकडा नव्हे.

तिसरा प्रश्न आपण हमखास विसरतो: कशाच्या तुलनेत? माणसं थोडी पुढे बसवली, इंजिनाचा कोन बदलला, तरी तेच साधतं का? ते आधी करून बघावं. त्याला पैसा लागत नाही. पंखासाठी पट्टीला पाडलेली भोकं मात्र परत बुजत नाहीत.

आणि जी बोट माणसं भरून संथच फिरते, ती त्या सरकण्याच्या टप्प्यापर्यंत कधी पोचतच नाही. तिला पंख म्हणजे नुसतं ओझं. तिथे चुकला तो पंख नव्हे, बोटवाल्याने विचारलेला प्रश्न.