थंडी पडली नाही, तरी शेवंती फुलली कशी?

डिसेंबर सरत आला तरी स्वेटर कपाटातच, असा एखादा हिवाळा पुण्या-नाशकात येतो आणि गच्चीवरच्या बागेबद्दल नाना तर्क सुरू होतात. ‘थंडीच नाही, आता शेवंती कसली फुलतेय!’ हा त्यातला नेहमीचा.

शेवंतीला कळ्या धरायला लावते ती थंडी नव्हे, मोठी रात्र. डिसेंबरअखेर पुण्यात रात्र सुमारे १३ तासांची असते. हवा कितीही उबदार राहो, त्यात मिनिटाचाही फरक पडत नाही. हे कोडं उलगडलं तंबाखूवर. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी उन्हाळ्यात न फुलणारी तंबाखूची रोपं दुपारनंतर अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवली, तर ऐन उन्हाळ्यात ती फुलली. १९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. शेवंतीची पानंही अशीच अंधाराचा हिशेब ठेवतात. म्हणूनच रस्त्याच्या दिव्याखालच्या किंवा बाल्कनीत रात्रभर बल्ब चालू असलेल्या कुंडीत नुसता पाला माजतो. तिथे खत घालून काही होत नाही, कुंडीची जागा बदलावी लागते. अर्थात उष्णतेचा काहीच संबंध नाही असंही नाही. रात्री फारच उबदार राहिल्या, तर कळ्या उमलायला जास्त दिवस घेतात.

जानेवारीतच मोगऱ्याला कळ्या दिसल्या की दुसरी काळजी: आत्ताच बहर संपला, उन्हाळ्यात काय उरणार? मोगरा नव्या फुटव्यांच्या शेंड्याला फुलतो. ऊब मिळाली की फुटवे येतात, त्यांच्यामागून कळ्या. फुलं झाल्यावर शेंडे हलके छाटले तर तोच वेल पुन्हा फुटतो. या आगाप फुलांचा खुशाल गजरा करावा.

उलट, ‘ऊब आहे म्हणजे सगळंच छान फुलणार’ या समजुतीने माझ्या मते जास्त नुकसान होतं. गुलाबाची कळी उबेत घाईने उमलते, त्यामुळे फूल लहान आणि लाल-गुलाबी रंग फिका. पिटुनिया, पॅन्सी तर लवकरच आटोपतात. त्यात उबदार कोरड्या हवेत फुलकिडे वाढतात. पाकळ्यांच्या कडा तपकिरी झालेली, अर्धवट उघडलेली कळी पांढऱ्या कागदावर झटका. सुईच्या टोकाएवढे पिवळसर, लांबट किडे चालताना दिसतील. अशा कळ्या खुडून बागेबाहेर टाकाव्यात. हा बुरशीचा रोग समजून बुरशीनाशक फवारलं, तर ते वाया जातं.

राहिलं पाणी. हिवाळा म्हणून दिवसाआड पाणी, हा नियम थंडीसाठी होता. उबदार हिवाळ्यात कुंडीची वरची माती ओलसर दिसली तरी आतून सुकलेली असू शकते. बोट दोन पेरं आत घालून बघा. कोरडं लागलं तर त्याच दिवशी पाणी द्या, वार कोणताही असो.