एकाच तालुक्यात चार झेंडे

बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. भिवंडीत मत बदलायला तेवढेही चालावे लागत नाही. मे २०२४ मध्ये लोकसभेचे मतदान झाले, तेव्हा भिवंडीतून शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे सुरेश म्हात्रे निवडून आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला भिवंडी पूर्वेने समाजवादी पक्ष, पश्चिमेने भाजप आणि ग्रामीण भिवंडीने एकनाथ शिंद्यांची शिवसेना निवडली. वर्ष एक, गाव एक, आणि झेंडे चार! येथून उत्तरेला शंभर-सव्वाशे किलोमीटर गेले की डहाणू-तलासरीचा भाग लागतो. तेथे २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये विळा-हातोड्याचा आमदार झाला. दोन्ही वेळा सबंध विधानसभेत त्या पक्षाचा तो एकटाच.

एक मुलूख पुरोगामी, दुसरा जुन्या वळणाचा, असे शिक्के आपण पारावर बसून सहज मारतो. 'तिकडचे पाणीच तसे' म्हटले की विषय संपतो. पण पाऊस तोच, भात तेच, आणि वारली समाजही दोन्हीकडे आहे. फरक पडतो तो माणूस पोट कसे भरतो याने, आणि अडल्या वेळी त्याच्या दाराशी पहिल्यांदा कोण आले याने.

डहाणूचेच पाहा. स्वातंत्र्यापूर्वी तेथील जमीन सावकार-जमीनदारांच्या हाती गेलेली. वारली तरुणाने लग्नासाठी कर्ज काढले की तो 'लग्नगडी' व्हायचा. नवरा-बायको दोघेही सावकाराकडे राबायची आणि कर्ज काही फिटायचे नाही. जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद टिटवाळ्याला भरली. हे टिटवाळे म्हणजे आपल्या भिवंडीच्या शेजारचे, कल्याण तालुक्यातले. उंबरगावकडचे काही वारली त्या परिषदेला गेले, आणि पुढे शामराव व गोदावरी परुळेकर त्यांच्या मुलखात आले. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी गावी हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, आणि दिवसाला बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय दुसऱ्याच्या शेतात राबायचे नाही, असे ठरले. ऑक्टोबरात तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड याच्यासह पाच जण मेले. लोक मागे हटले नाहीत. वेठ गेली. ज्या घरातला आजा सावकाराच्या जोखडातून लाल बावट्याखाली सुटला, त्या घरात तो बावटा नुसता पक्ष राहत नाही, कुळाचार होतो. १९७७ साली डहाणूने लोकसभेवरही मार्क्सवादी कम्युनिस्ट लहानू कोम यांना पाठवले.

मात्र 'पुरोगामी' या शब्दाने फसू नये. मत लाल असले तरी घरात देव, भगत, देज सारे जुनेच असते. आणि जुन्या रीतीतही कधी पुढचे पाऊल असते. वारल्यांचे लग्न धवलेरी लावते, म्हणजे बाई. शहरातल्या किती सुधारकांच्या घरी बाईने लग्न लावले असेल, कोण जाणे!

आता कापडाकडे वळू, कारण भिवंडी शहराचे पोट त्यावर. मुंबईच्या गिरणगावातही कापडच विणले जाई. तेथे एका भोंग्यावर हजारो कामगार एका दरवाजातून आत जात, एका चाळीत राहत, एका खानावळीत जेवत. दरवाजावर सभा घेतली की सारी गिरणी ऐकायची. म्हणून १९५७ साली मध्य मुंबईने कॉम्रेड डांग्यांना लोकसभेत धाडले. त्यात संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे वारेही होतेच.

भिवंडीत १८५७ नंतर उत्तर प्रदेशातले मोमीन विणकर आले, पुढे तेलंगणातले पद्मशाली आले. हातमाग गेले, यंत्रमाग आले. १९८२ च्या गिरणी संपानंतर तर मुंबईचे पुष्कळ काम इकडे वळले. पण माग बसले लहान लहान शेडांत. १९४८ च्या कारखाना कायद्यात वीज वापरणाऱ्या जागेला दहा कामगारांची अट होती. मालकाने एकाच्या चार शेडा दाखवाव्या, की कायद्याची कटकट नाही. मजुरी मीटरवर, आणि कामगाराचे घरदार व मत पुष्कळदा दूर आझमगढ किंवा करीमनगरला. युनियन उभी राहणार कुठे? अशा माणसाला काम लावून देणारा, खोली मिळवून देणारा, मयताला खांदा देणारा कोण? आपल्या गावचा, आपल्या बिरादरीचा, आपल्या मशिदीतला किंवा देवळातला. मग मतही त्याच वाटेने जाते. गिरणीवाला स्वभावाने पुरोगामी आणि मागवाला स्वभावाने सनातनी, असे मुळीच नाही. त्याच गिरणगावात १९७० साली कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, आणि पोटनिवडणुकीत शिवसेनेचा पहिला आमदार तेथूनच निवडून आला.

खेड्यांतला शेतकरी आणखी निराळा. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणारा जमिनीचा धनी ठरला. कूळ असताना माणसाला लढणारा पुढारी हवा असतो. धनी झाल्यावर रस्ता करून देणारा, दाखला काढून देणारा हवासा वाटतो. आणि भाताच्या खाचरांत गोदामे उभी राहू लागल्यापासून तर जमिनीला भाव आणून देणारा. ग्रामीण भिवंडीचे मत समजून घ्यायचे असेल तर माझ्या मते सभेतल्या भाषणापेक्षा सात-बारा वाचावा.

भीतीही मत घडवते. माणूस घाबरला की आपल्यांच्या गोटात शिरतो आणि तेथूनच मत टाकतो. मे १९७० आणि मे १९८४ या दोन दंगलींत भिवंडीत माणसे मेली, घरे जळली, आणि 'ते गाव तसलेच' हा शिक्का बसला. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या सुरू केल्या. एकेका वस्तीतले हिंदू-मुसलमान पोलिसांसह नेमाने एकत्र बसू लागले. नळावरचे भांडण नळावरच मिटू लागले, त्याला धर्माचा रंग चढण्याआधी. माणसे तीच, मशिदी-मंदिरे तीच, मागही तेच. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली.