वरिष्ठांची अफरातफर आणि कारकुनाची सही

शेतकरी बंधूंनो, सोसायटी, पतपेढी, खरेदी-विक्री संघ किंवा बँक यांत आपला पैसा असतो, आणि पुष्कळदा आपलाच मुलगा अथवा पुतण्या तेथे कारकुनी करीत असतो. वरिष्ठ अफरातफर करीत आहे असे त्याच्या दृष्टीस पडल्यास त्याजवर कायद्याने कोणती जबाबदारी येते, याचा विचार करून ठेवणे इष्ट होय.

नव्या मुंबईलगतच्या पनवेल येथील कर्नाळा नागरी सहकारी बँकेचे उदाहरण घ्या. बनावट कर्जखात्यांतून पाचशे कोटींहून अधिक रक्कम वळविल्याचा आरोप झाला. फेब्रुवारी 2020 मध्ये पोलिसांत गुन्हा दाखल झाला व ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द केला. ठेवविमा पाच लाखांपर्यंतच असल्याने त्यावरील रक्कम ठेवणारे अडकले. आरोपाचा निकाल न्यायालयाने करावयाचा. परंतु एक गोष्ट उघड आहे. बनावट खाते आपोआप उघडत नाही. अर्ज कोणी घेतो, नोंद कोणी करतो, सही कोणी करतो.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 344 प्रमाणे, फसविण्याच्या हेतूने हिशेब खोटा करणाऱ्या कारकुनास अथवा नोकरास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'साहेबांनी सांगितले' हा बचाव तेथे टिकत नाही. नकळत झालेली चूक मात्र गुन्हा नव्हे.

आता मौनाविषयी. खाजगी दुकानदाराने भागीदारास फसविले, तर नोकराने पोलिसांत जावेच असे सर्वसाधारण बंधन नाही. परंतु लोकसेवक, बँकवाला किंवा अभिकर्ता याने विश्वासघात केल्याचे कळल्यास, सबळ कारण नसता, पोलिसांस वा दंडाधिकाऱ्यास खबर देण्याचे कर्तव्य कायद्याने प्रत्येकावर ठेविले आहे. शिवाय 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 88 खाली, व्यवहारात भाग घेणाऱ्याकडून संस्थेचे नुकसान व्याजासह वसूल होऊ शकते.

मग करावे काय? खोट्या नोंदीस नकार द्यावा. काय पाहिले ते तारखेनिशी लिहून संचालक मंडळास, लेखापरीक्षकास व निबंधकास द्यावे आणि पोच घ्यावी. बँक असल्यास रिझर्व्ह बँकेसही कळवावे. दप्तर घरी नेऊ नये. चावडीवर बोभाटा करू नये. वकिलाचा सल्ला आधी घ्यावा.

हे मी अनुभवाने लिहितो. नोकरीच्या आरंभी एका कचेरीत वरिष्ठांच्या सांगण्यावरून मदतवाटपाच्या यादीत मी चार नावे चढविली. ती माणसे गावात नाहीत हे पुढे कळले, तरी सहा महिने गप्प राहिलो. चौकशी आली तेव्हा हुकूम तोंडी होता आणि अक्षर माझे होते. खरे सर्व लिहून दिले म्हणून नोकरी वाचली. वेतनवाढ मात्र गेली. पण त्या चार नावांमुळे ज्यांची मदत हुकली, त्यांची आठवण अद्याप बोचते.

आपणांपैकी जे संचालक आहेत त्यांस एवढीच विनंती की, उद्या कोणी भीतभीत कागद घेऊन आला, तर त्यास दारातून परत लावू नका. तो आपलाच पैसा राखीत असतो.