विम्याच्या अर्जातलं ‘नाही’

एजंटच्या टॅबवर प्रपोजल फॉर्म भराभर पुढे सरकतो. नाव, जन्मतारीख, नॉमिनी. आरोग्याचं पान आलं की वेग आणखी वाढतो. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, आधीचं ऑपरेशन, सगळ्यांपुढे ‘नाही’. प्रश्न मोठ्याने वाचलेही जात नाहीत. मी शेजारी बसून पाहत होतो. काका मध्येच म्हणाले, “शुगरची गोळी चालू आहे हो, रोज सकाळी एक.” एजंटचं बोट थांबलं नाही. “एवढ्याशा शुगरचं काय लिहायचं, काका? मेडिकल लागेल, हप्ता वाढेल.” काकांनी ओटीपी सांगितला. ‘दिलेली माहिती खरी आहे’ या घोषणेखाली तीच त्यांची सही.

हे ‘नाही’ उघडं पडतं दवाखान्यात. तिथे पेशंट डॉक्टरांना खरं तेच सांगतो, सांगायलाच हवं. केसपेपरवर नोंद होते, ‘के/सी/ओ डीएम, पाच वर्षांपासून’, म्हणजे मधुमेहाचा जुना रुग्ण. पॉलिसी असते दोन वर्षांची. मग कॅशलेस अडतं. कंपनीचा तपासनीस इनडोअर पेपर, जुन्या चिठ्ठ्या, मेडिकलची बिलं मागतो. घरचे सांगत राहतात की एजंटला तोंडी सांगितलं होतं. पण कागदावर ते कुठेच नसतं.

आयुर्विम्यात १९३८च्या विमा कायद्याचं कलम ४५ लागू होतं. पहिल्या तीन वर्षांत महत्त्वाची माहिती दडवल्याचं ठरलं, तर कंपनी पॉलिसी रद्द करू शकते. फसवणुकीचा हेतू नसेल, तर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत मिळतात, विम्याची रक्कम नाही. तीन वर्षांनंतर पॉलिसीवर कोणताही आक्षेप घेता येत नाही. मात्र बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली, की ही मुदत नव्याने मोजली जाते. आरोग्यविम्यात २०२४पासून सलग ६० महिने झाल्यावर फसवणूक सिद्ध झाली तरच दावा नाकारता येतो.

लपवलेली प्रत्येक गोष्ट दावा बुडवतेच असं नाही. हृदयविकाराने गेलेल्या माणसाने कंबरेचं दुखणं लिहिलं नव्हतं, म्हणून नाकारलेला दावा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये द्यायला लावला. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार लपवणाऱ्याच्या बाबतीत मात्र २००९ मध्ये त्याच न्यायालयाने कंपनीचा नकार योग्य ठरवला.

घाईत ‘नाही’ भरणाऱ्या एजंटला मी दोषी मानतो. पण भोगावं लागतं काकांच्या घराला. म्हणून पॉलिसी हातात आली, की सोबतची अर्जाची प्रत ओळ न ओळ वाचा. चूक दिसली, तर कंपनीला लगेच लेखी कळवा. पटलं नाही, तर ३० दिवसांत पॉलिसी परतही करता येते.